घरातली यंत्रं मराठीत: परदेशातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

११ जानेवारी

कामाची व्याप्ती आज लिहून काढली. लॅपटॉप, दोन फोन आणि आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, टॅबलेट. या सगळ्यांवर जे जे मराठीत मिळू शकतं ते मराठीत आणायचं. जे मिळत नाही त्याची पर्यायी भाषा आम्ही ठरवायची. आम्ही कोणत्या देशात बसलो आहोत यावरून ती ठरता कामा नये.

पर्यायी भाषा दोघींची वेगळी आहे. माझा क्रम मराठी, इंग्रजी आणि मग इथली भाषा. इथली भाषा मी वर्गाला जाऊन शिकते आहे, आवडीने शिकते आहे. तरी विम्याच्या अटी किंवा औषधाची मात्रा शिकाऊ भाषेत वाचणं धोक्याचं. आईंचा क्रम मराठी, हिंदी, इंग्रजी. देवनागरी त्या झरझर वाचतात, रोमन अक्षरं लावत लावत. पुढची प्रत्येक सेटिंग या यादीवर अवलंबून राहणार असल्याने ती वहीच्या पहिल्याच पानावर घातली. दुसऱ्या कुणी हे काम हाती घेतलं, तर घरातल्या प्रत्येकाचा असा क्रम आधी विचारून घ्यावा.

१२ जानेवारी

एखादी वेबसाइट कोणत्या भाषेत उघडायची हे ठरतं कुठे? कामाची विभागणी या प्रश्नाच्या उत्तरावरून करायची आहे. साधारणपणे पाच ठिकाणं दिसतात: पानाच्या पत्त्यातच असलेला भाषेचा संकेत, खात्यात नोंदवलेली भाषा, मागच्या भेटीत साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, म्हणजे कुकी, ब्राउझरने पाठवलेली भाषांची यादी आणि शेवटी आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट-जोडणीच्या क्रमांकावरून, काढलेला देश. कोणती गोष्ट कुणावर मात करते हे प्रत्येक साइट आपापलं ठरवते.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. खासगी विंडो उघडायची, म्हणजे जुन्या कुकी आणि खातं बाजूला राहतात. तिथे भाषा बरोबर आली, तर ब्राउझरची यादी मानली जाते आहे. तिथेही इथलीच भाषा आली, तर साइट बहुधा देश बघते आहे. खासगी विंडोत बरोबर आणि नेहमीच्या विंडोत चूक असेल, तर घोळ कुकीत किंवा खात्यात. बँक, वीज, ग्रंथालय, बातम्या, प्रवास अशा रोजच्या सगळ्या साइट या पद्धतीने तपासून वहीत खुणा केल्या.

१८ जानेवारी

ब्राउझरची यादी. प्रत्येक पान मागताना ब्राउझर 'अॅक्सेप्ट-लँग्वेज' नावाची एक ओळ सोबत पाठवतो. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं, म्हणजे वेबपानं मागण्या-पाठवण्याच्या नियमांचं, पहिलं मानक आलं तेव्हापासून ही सोय त्यात आहे, आणि २०२२ च्या ताज्या मानकातही आहे. त्या ओळीत भाषांचे संकेत असतात आणि प्रत्येकाला शून्य ते एक यांमधलं वजन देता येतं. पहिल्या भाषेला पूर्ण एक, पुढच्यांना ०.८, ०.७ असं उतरत जाणारं. वजनं आपण लिहायची नसतात. सेटिंगमधल्या यादीत भाषा वर-खाली केल्या की ब्राउझर ती स्वतः लावतो.

म्हणजे परदेशी राहणाऱ्या माणसाला हवी ती गोष्ट मानकात सुरुवातीपासून आहे: मी कुठेही असेन, मला वाचायला काय हवं ते मी सांगेन. मला या तरतुदीचं फार मोल वाटतं. ती लिहिणाऱ्यांनी भाषा माणसापाशी ठेवली, जागेपाशी ठेवली नाही.

एक बारकावा मात्र सांभाळायला हवा. मराठीचा दोन अक्षरी संकेत 'एमआर', आणि भारतातली मराठी म्हणून 'एमआर-आयएन'. यादीत फक्त दुसरा असेल आणि साइटकडे नुसत्या 'एमआर' नावाने मराठी असेल, तर जुन्या नियमाप्रमाणे चालणारा सर्व्हर ती जुळवत नाही. त्या नियमात छोटा संकेत लांब संकेताला जुळतो, उलट जुळत नाही. म्हणून यादीत दोन्ही ठेवले, लांब आधी आणि छोटा लगेच त्याखाली. इंग्रजीचंही तसंच केलं.

गोपनीयतेबद्दल एक नोंद. इथल्या गर्दीत मराठी यादी पाठवणारे ब्राउझर थोडेच असणार, त्यामुळे माग काढणाऱ्यांना ही यादी ओळखीची खूण ठरू शकते. ओळख लपवण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर याच कारणाने पानं इंग्रजीत मागायची का, असं विचारतो. ज्या कामात ओळख लपवणं गरजेचं आहे त्यासाठी वेगळा ब्राउझर ठेवावा. रोजच्या वाचनासाठी मला मराठीची खूण मिरवायला काहीच हरकत नाही.

२५ जानेवारी

यादी नीट लावूनही काही साइट इथल्याच भाषेत उघडतात, कारण त्या आयपी पत्ता बघतात. जगात पाच प्रादेशिक संस्था आयपी पत्त्यांचे गट वाटतात. कोणता गट कुठल्या देशात वापरला जातो याच्या सूच्या तयार करून विकल्या जातात आणि साइट त्या वापरतात. देश बरोबर निघतो. त्या देशात राहणारा प्रत्येक जण त्याच भाषेत वाचतो, हे गृहीतक तेवढं त्यावर चढवलेलं असतं. स्थलांतरित, विद्यार्थी, प्रवासी, सीमेवरची गावं, एकाहून जास्त राजभाषा असलेले देश, हे सगळे त्यातून गळतात.

व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्फत इंटरनेट वापरणं, हा उपाय ओळखीच्या बऱ्याच जणांनी सुचवला. विचार करून बाजूला ठेवला. व्हीपीएन जागेबद्दल खोटं सांगतं. आम्हाला जागा खरीच सांगायची आहे, भाषा वेगळी सांगायची आहे. शिवाय बँका अनोळखी देशातून आलेला प्रवेश अडवतात, वस्तू घरपोच मागवताना देश चुकतो, आणि भारताचा पत्ता घेतला तरी साइट मराठी देईल याची खात्री नाही. पुष्कळ ठिकाणी 'भारत' म्हटलं की हिंदी किंवा इंग्रजी एवढंच समोर येतं.

साइटचा त्या त्या देशासाठीचा पत्ता टाइप करून भाषा बदलायची जुनी युक्तीही आता सगळीकडे चालत नाही. गूगलवर २०१७ पासून निकाल कोणत्या देशाचे हे पत्त्याच्या शेपटीवर ठरत नाही, तुम्ही कुठे आहात यावर ठरतं. २०२५ मध्ये देशोदेशीचे पत्ते मुख्य पत्त्याकडे वळवण्याची घोषणाही झाली. शोधाची भाषा मात्र स्वतंत्र आहे. खात्यात ती मराठी केली की कुठूनही मराठीच राहते, आणि खात्याशिवाय हवी असेल तर पत्त्यात 'एचएल' या घटकापुढे मराठीचा संकेत (रोमन अक्षरांत) लिहिता येतो.

बाकी साइटसाठी प्रत्येकीचा भाषा-बदल कुठे दडलाय ते वहीत लिहिलं: तळाशी, पृथ्वीच्या चिन्हामागे, खात्याच्या तिसऱ्या पानावर. निवड केली की ती बहुधा कुकीत राहते, म्हणून ब्राउझर बंद करताना सगळ्या कुकी पुसण्याची सवय असणाऱ्यांनी या साइटना सूट द्यावी. खातं असेल तर खात्यातच भाषा नोंदवणं सर्वांत टिकाऊ.

युरोपीय संघात राहणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०१८ पासून लागू असलेल्या भौगोलिक अडथळ्यांविरुद्धच्या नियमाने, कायद्यानेच तसं बंधन घातलेलं नसेल तर, विक्रेत्याला ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय दुसऱ्या देशाच्या आवृत्तीकडे ढकलता येत नाही. हा नियम भाषा द्यायला लावत नाही. हवी ती आवृत्ती उघडून तिथे राहण्याचा हक्क तेवढा देतो, आणि तक्रार लिहिताना तो उपयोगी पडतो.

१ फेब्रुवारी

लॅपटॉप. विंडोजमध्ये तीन गोष्टी वेगळ्या आहेत: पडद्यावरची भाषा, देश किंवा प्रदेश, आणि तारखा-आकड्यांची धाटणी. देश इथलाच ठेवला आणि भाषा मराठी केली. मराठीचा भाषा-पॅक पूर्ण नाही. तो इंग्रजीच्या पायावर बसतो आणि भाषांतर नसलेल्या जागा इंग्रजीत दिसतात. माझ्या क्रमाला ते जुळतं. इथे लॅपटॉप विकत घेणाऱ्यांना एक सांगणं: 'होम सिंगल लँग्वेज' नावाची आवृत्ती टाळा, तिच्यात पडद्याची भाषा बदलता येत नाही. खोक्यावर किंवा सेटिंगमध्ये ते नाव आधी बघून घ्यावं.

लॅपटॉपच्या डिस्कवर दुसऱ्या विभागात असलेल्या लिनक्सवर हे काम जास्त बारकाईने करता येतं आणि मला त्यात खरा आनंद मिळाला. संदेशांची भाषा, चलन, कागदाचा आकार, मापं, तारीख, प्रत्येकाला वेगळा चल, म्हणजे स्वतंत्र नावाची सेटिंग, आहे. संदेश मराठी, पर्याय इंग्रजी. चलन, कागद आणि मापं इथली. तारखेच्या चलात तारखेची मांडणी आणि महिन्या-वारांची नावं एकत्र बांधलेली आहेत, त्यामुळे तो इथला ठेवला तर बाकी पडदा मराठीत असताना महिने परक्या भाषेत उमटतात. तो मराठी केला. सगळ्यांवर मात करणारा 'एलसी_ऑल' रिकामाच ठेवायचा, नाहीतर वरची सगळी मेहनत त्याच्याखाली झाकली जाते.

आठवडा कोणत्या वारी सुरू होतो ही जागेची गोष्ट. सोमवारला काय म्हणायचं ही भाषेची गोष्ट. युनिकोडच्या सीएलडीआर या, भाषा आणि प्रदेशानुसार बदलणाऱ्या मांडणीच्या माहितीच्या संग्रहात हे दोन्ही वेगळं नोंदवलेलं आहे, आणि 'मराठी भाषा, पण मापं-चलन दुसऱ्या प्रदेशाचं' असं एकाच संकेतात सांगायची तरतूदही आहे. ती तरतूद सेटिंगच्या पडद्यापर्यंत पोचवणारी सॉफ्टवेअरं वाढली पाहिजेत.

८ फेब्रुवारी

फोन आणि टॅबलेट. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, एकच भाषा निवडण्याऐवजी क्रमवार यादी देता येते. आईंच्या टॅबलेटवर मराठी, हिंदी, इंग्रजी. ॲपमध्ये मराठी नसेल तर आपोआप हिंदी येते आणि तीही नसेल तरच इंग्रजी. पहिल्या पानावरचा क्रम यंत्राला जसाच्या तसा सांगता आला, हे मला या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

यादीत मराठी असण्याला आणखी एक कारण आहे. प्ले स्टोअरवर ॲप आता तुकड्यांत येतात (नव्या ॲपना हे ऑगस्ट २०२१ पासून बंधनकारक आहे) आणि यंत्राच्या यादीतल्या भाषांचे तुकडे तेवढे उतरवले जातात. ॲपमध्ये मराठी असूनही फोनच्या यादीत मराठी नसेल, तर बहुतेक वेळा ती फोनवर येतच नाही. यादीत भाषा घातली की स्टोअर उरलेला तुकडा पाठवतं.

अँड्रॉइड १३ (२०२२) पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, आयफोनवर हे २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे. मी याचा उपयोग उलट दिशेने केला: इथल्या बस-रेल्वेचं ॲप मुद्दाम इथल्या भाषेत ठेवलं, कारण थांब्यावरच्या पाट्या आणि घोषणा त्याच भाषेत असतात. शिकणंही होतं.

स्टोअरचा देश भाषेसाठी अजिबात बदलू नये. प्ले स्टोअरवर तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात चालत नाही. भाषेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

१६ फेब्रुवारी

टंकलेखन. विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, आहेच, २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून ध्वनीनुसार चालणारा मराठी कीबोर्डही आहे. परदेशात विकत घेतलेल्या कीबोर्डवर वेगळी अक्षरं छापलेली असतात, काही जागा बदललेल्या असतात. इनस्क्रिप्ट शिकलेल्याला त्याचा त्रास होत नाही: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, छापील अक्षराकडे बघायचं कारण नाही. म्हणून परदेशी राहणाऱ्यांना मी इनस्क्रिप्टच सुचवेन. सुरुवातीला हात अडखळतो, पण कोणत्याही देशातल्या कोणत्याही यंत्रावर तोच हात चालतो. आई बोटाने टॅबलेटवर अक्षर गिरवतात आणि जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड ते ओळखतो.

आकड्यांची सूचना वहीत लाल अक्षरांत लिहिली. मराठी निवडल्यावर अँड्रॉइडवर आणि ब्राउझरमधल्या बऱ्याच ठिकाणी आकडे देवनागरीत दिसतात, सीएलडीआरमध्ये मराठीसाठी तसंच ठरवलेलं आहे. दिसायला ते हवेच आहेत. पण फॉर्ममध्ये फोन नंबर, जन्मतारीख, खाते क्रमांक भरताना इंग्रजी आकडेच (0 ते 9) टाकावे. पुष्कळ फॉर्म शून्य ते नऊ फक्त इंग्रजी रूपात तपासतात आणि देवनागरी आकडा 'अवैध' म्हणून परत करतात.

२३ फेब्रुवारी

अक्षरांची वळणं. मराठीतले ल आणि श हिंदीच्या छपाईपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं सांगितलेलं असेल तर मराठी वळण लागतं. सांगितलेलं नसेल, किंवा देवनागरी दिसली म्हणून हिंदी असं लिहिलेलं असेल, तर दुसरं. 'दुसऱ्या' मधल्या ऱ्य लाही नीट घडवलेला फॉन्ट लागतो, नाहीतर अक्षर फुटतं.

हीच भाषेची खूण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही बघतं. ईस्पीक या मुक्त आवाज-यंत्रणेत मराठी आहे, पण पानावर खूणच चुकीची असेल तर मराठी मजकूर भलत्या उच्चारांनी ऐकू येतो. दृष्टी अधू झालेल्या वाचकाला त्याने काहीच कळत नाही. ज्यांची स्वतःची मराठी पानं आहेत त्यांनी ही एक खूण आजच तपासावी. एका ओळीचं काम आहे.

९ मार्च

सरकारी आणि दवाखान्याची पानं. इथे मराठी मिळणार नाही, यंत्राचं भाषांतर हाच मार्ग. दोन नियम ठरवले. वाचायला भाषांतर, भरायला मूळ पान. भाषांतर चालू असताना फॉर्म भरला तर पर्यायांचे अर्थ सरकतात, नावं भाषांतरित होतात. दुसरा नियम: नकार, मुदत आणि मात्रा या तीन गोष्टी मूळ मजकुरात स्वतः शोधून ताडायच्या. वाक्यातला नकार निसटला तर 'घेऊ नये' चं 'घ्यावे' होतं. इथल्या भाषेतले नकाराचे शब्द आईंसाठी एका कार्डावर लिहून दिले. तेवढं त्या आता ओळखतात.

२३ मार्च

घरातली मांडणी लागली. उरलेली इंग्रजी कुणीतरी मराठी केली तरच मराठी होणार आहे, आणि ते काम आपण कुठूनही करू शकतो. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर पॉन्टून या मोझिलाच्या मंचावर होतं. खातं काढून सूचना द्यायच्या, जबाबदारी घेतलेले भाषांतरकार त्या तपासून मान्य करतात. मराठी विकिपीडिया (सुरुवात मे २००३) ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो त्याचा इंटरफेस ट्रान्सलेटविकीवर भाषांतरित होतो. आजपासून दोन्हीकडे रोज थोडा वेळ.

बसल्याबरोबर कळलं की अडचण शब्दांपेक्षा वाक्याच्या घडणीत जास्त आहे. मूळ संदेशात नावाची जागा मोकळी असते आणि प्रोग्राम तिथे काहीही घालतो. मराठीत प्रत्यय लागला की नाम बदलतं. रस्ता, रस्त्यावर. यंत्राला हे सामान्यरूप करता येत नाही. म्हणून मोकळ्या जागेला थेट 'मध्ये' किंवा 'ला' चिकटवण्याऐवजी नाव अवतरणात ठेवून पुढे 'या फोल्डरमध्ये', 'या व्यक्तीला' असं लिहायचं. लिंगाचंही तसंच. कुणी सामील झाल्याचा संदेश लिहिताना ती बाई की पुरुष हे प्रोग्रामला माहीत नसतं. 'सामील झाले' असं आदरार्थी लिहिलं की दोघांनाही चालतं, आणि ते आपल्या बोलण्यात नैसर्गिकही आहे. मला अशा जागा सोडवायला आवडतं. भाषेत राहणाऱ्या माणसालाच त्या सुचतात.

वाक्याचे तुकडे जोडून संदेश बनवणारे प्रोग्राम मात्र भाषांतरकाराच्या हातात काहीच ठेवत नाहीत. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि तुकड्यांचा क्रम बदलायची सोयच नसते. तिथे भाषांतर रेटण्यापेक्षा मूळ प्रोग्रामच्या लेखकांना दोष कळवावा, पूर्ण वाक्य एकत्र मागावं. आज असा एक कळवला.

आईंनीही कामात भाग घेतला. मोझिलाच्याच कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो आणि तो संग्रह कुणालाही वापरायला खुला आहे. बोललेली मराठी यंत्रांना कळायची तर वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या वळणांचे आवाज लागतात. आईंचं वाचन स्वच्छ आहे आणि त्या दुपारी बसून मन लावून वाचतात.

६ एप्रिल

वही आणखी दोन मराठी कुटुंबांना दिली. त्यांना सांगितलेला क्रम: आधी खात्यांमधली भाषा, मग ब्राउझरची यादी, मग फोनची यादी, आणि लॅपटॉप शेवटी. खात्यापासून सुरुवात केली की सगळ्यांत कमी श्रमात सगळ्यांत जास्त पानं बदलतात. एका घरातल्या शाळकरी मुलीने स्वतःचा क्रम सांगितला: इथली भाषा, मग मराठी. तिच्या फोनवर तसाच लावला.

२० एप्रिल

देश बघूनच भाषा देणाऱ्या साइटना पाठवायचं पत्र तयार केलं. त्यात मागण्या तीनच: ब्राउझरने सांगितलेली भाषा आधी बघा आणि आयपी पत्ता ती नसेल तेव्हाच वापरा. भाषा-बदल प्रत्येक पानावर, त्या त्या भाषेच्या स्वतःच्या नावाने आणि लिपीत दाखवा. निवडलेली भाषा आणि राहण्याचा देश खात्यात वेगवेगळे साठवा. मराठी द्या अशी मागणी या पत्रात घातली नाही, कारण या तीन गोष्टी झाल्या तर इथे राहणाऱ्या प्रत्येक परभाषिकाचं काम होतं, आणि मराठी भाषांतर आलं की ते आपोआप योग्य माणसापर्यंत पोचतं.

पत्र इंग्रजीत आणि इथल्या भाषेत जाईल. इथल्या भाषेतला मसुदा मी लिहिला आहे, आमच्या वर्गाच्या शिक्षिका या आठवड्यात तो तपासून देणार आहेत. त्यांचा होकार आला की पहिल्यांदा ग्रंथालयाला, मग वीज कंपनीला.